मालवण-तारकर्लीचे चार दिवस: किल्ला, स्कूबा आणि भरती-ओहोटीचे गणित

भटकी_पुणेकरीण

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात चार दिवस मालवणला जाण्याचा विचार आहे. सोबत माझी ७१ वर्षांची आई, नवरा, १४ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी असेल. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पण सिंधुदुर्गावर जाऊन शिवराजेश्वराचे दर्शन घ्यायचेच, असे तिने ठरवून टाकले आहे. मुलांना स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंग करायचे आहे.

आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघे दीड दिवसासाठी तिथे गेलो होतो. तेव्हा किल्ल्यावर तासाभरात परत या, असे बोटवाल्याने सांगितल्यामुळे तटावर चढण्याआधीच उतरण्याची वेळ झाली. दुपारी देवबागला वाळूच्या बेटावर गेलो, तर तिथे मांडीपर्यंत पाणी होते. स्नॉर्केलिंग संध्याकाळी केले, त्यामुळे गढूळ पाण्यात स्वतःच्या हाताशिवाय फारसे काही दिसले नाही. गाव मनात राहिले, पण आपण ते नीट पाहिले नाही ही रुखरुखही तशीच राहिली. या खेपेला चार दिवस नीट कसे आखावेत, राहण्यासाठी मालवण बरे की तारकर्ली, आणि आईला बोटीत चढणे-उतरणे कितपत जमेल, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मेढ्यातला_मालवणी

ताई, तुमच्या मागच्या प्रवासात जे बिनसले ते सगळे एकाच कारणाने बिनसले. आपण मालवण घड्याळावर पाहिलेत, ते तिथीवर पाहायला हवे होते. माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला जात. घरातून कोणीही किनाऱ्याकडे निघाले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "आज तिथ खयची?" त्यामागचे गणित अगदी सोपे आहे आणि किनाऱ्यावरची जुनी माणसे आजही तेच वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते. दशमीला ती साडेसातला, द्वादशीला नऊला येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. अर्धापाऊण तासाचा फरक धरून चालावे. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो.

आता हे तुमच्या बेताला लावून पाहू. समुद्राखालचे पाणी सकाळच्या भरतीला सर्वांत स्वच्छ मिळते, कारण बाहेरच्या समुद्राचे नितळ पाणी तेव्हा किनाऱ्याकडे येत असते. ओहोटी लागली की खाडीचे आणि बंदरातले गढूळ पाणी बाहेर पडू लागते, आणि दुपारनंतर वारा उठला की उरलीसुरली नितळता जाते. म्हणून दशमी ते द्वादशी हे दिवस स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी सोयीचे. अष्टमीच्या आसपास, ज्याला आम्ही भांगाचे दिवस म्हणतो, तेव्हा प्रवाहाचा जोर कमी असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तो पुष्कळ वाढतो. देवबागचे वाळूचे बेट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे तिथे ओहोटीलाच जावे.

ओहोटीला करण्यासारखी आणखी एक गोष्ट सांगतो, जी पर्यटक सहसा चुकवतात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पद्मगडावर, म्हणजे सिंधुदुर्गाजवळच्या छोट्या किल्ल्यावर, पूर्ण ओहोटीत चालत जाता येते. पाणी गुडघ्याच्या खाली असेल तरच जावे, स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि भरती लागण्याच्या बऱ्याच आधी परतावे. परतीची वाट वाळूचीच असते, आणि तिच्यावर पाणी चढू लागले की ते थांबत नाही.

शक्य असेल तर शुद्ध नवमीच्या संध्याकाळी पोहोचा. पुढचे तीन दिवस हिशेबात चपखल बसतील आणि रात्री किनाऱ्यावर चांदणेही मिळेल.

गडवाटा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. किल्ल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सिंधुदुर्गाला एक तास देणे हा त्या किल्ल्यावर अन्याय आहे.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा मुहूर्त केला आणि तीन वर्षांत काम पूर्ण झाले. मुहूर्ताची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे. बहुतेक लोक थेट जेटीवर जाऊन बोटीत बसतात आणि तो पाहायचा राहून जातो. त्याच्यावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे. किल्ला पाहण्याआधी तिथे दहा मिनिटे थांबावे, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून समोरच्या बेटाकडे पाहताना ही जागा का निवडली असेल ते आपोआप लक्षात येते. भोवती खडकांची रांग आहे आणि वाट माहीत असल्याशिवाय मोठे गलबत जवळ येऊ शकत नाही.

बोटीतून किल्ल्याजवळ पोहोचलात तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की अगदी पायथ्याशी गेल्यावरच कळतो. मुलांना आधीच सांगून ठेवा आणि बोटीतून दरवाजा शोधायला लावा. आमच्या मुलाने हा खेळ केला आणि तो आजही त्याच्या लक्षात आहे.

आत राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे, त्यामुळे ती आपल्या डोळ्यांपुढच्या चित्रापेक्षा वेगळी वाटते. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसाही छोट्या घुमट्यांत जपलेला आहे. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. सुमारे ४८ एकरांचा हा परिसर आणि वळणावळणाचा तट नीट पाहायचा, तर किमान अडीच तास हवेत. बोटीत बसण्यापूर्वीच उशिराच्या फेरीने परतणार असे स्पष्ट बोलून घ्यावे. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना गर्दी कमी असते आणि नावाडीही ऐकून घेतात.

आपल्या आईंसाठी एक सूचना. मंदिरापर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, पण तटावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. त्यांना मंदिराच्या आवारात सावलीत बसवून तुम्ही आलटून पालटून तटावर जाऊन यावे.

निळी_खोली

मी प्रमाणपत्रधारक डायव्हर आहे आणि गेली काही वर्षे हिवाळ्यात तारकर्लीला जातो. मुलांच्या वयाचा मुद्दा आधी घेतो. समुद्रातल्या पहिल्या अनुभवासाठीही आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांनी किमान वय १० वर्षे ठेवले आहे. १४ वर्षांच्या मुलाला हरकत नाही. ९ वर्षांच्या मुलीला कोणी "चालतंय हो" म्हणाले तरी कृपया पाठवू नका. तिला स्नॉर्केलिंगमध्ये तितकाच आनंद मिळेल. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात खडकांवर प्रवाळ आहे, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे पाण्यात तोंड घातल्याबरोबर दिसतात.

पोहता न येणाऱ्यांना जो परिचयात्मक डाइव्ह देतात, त्यात प्रशिक्षक सतत धरून असतो. खरी अडचण पोहण्याची नसते, कानाची असते. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करावे लागतात, आणि हे प्रत्येक मीटरभर खोलीला, दुखण्याआधी करावे लागते. कान दुखू लागले तर खूण करून थोडे वर यावे. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्दच करावा. दमा, फिट येणे किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. आणि चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावरून किंवा गोव्याहून विमानाने परतणार असाल, तर डाइव्ह आणि विमान यांत एक पूर्ण रात्र जाऊ द्यावी.

आता सुरक्षिततेविषयी जरा कळकळीने लिहितो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. ती बातमी वाचल्यापासून मी बोटीत पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी पाहतो: बोटीवर किती माणसे नेण्याची परवानगी लिहिली आहे आणि प्रत्यक्षात किती बसली आहेत, प्रत्येकाच्या जॅकेटचे सगळे बंद लागतात का, आणि खवळलेल्या समुद्रामुळे किंवा वाऱ्यामुळे बंदर विभागाने धोक्याचा इशारा दिला आहे का. एकदा किनाऱ्यावरच्या एका तंबूवाल्याने माझ्या भाचीला दिलेल्या जॅकेटचे बकल तुटलेले होते आणि "आत्ता येऊच" म्हणून तो घाई करत होता. आम्ही पैसे सोडून दिले आणि उतरलो. भाची दिवसभर रुसली, पण तो निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन.

ज्यांना पद्धतशीर शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे खोल जलतरण तलावात सराव करून मग समुद्रात नेतात. तुमच्या मुलाला गोडी लागली तर पुढच्या सुट्टीत त्याचा जरूर विचार करा.

कुडाळकरीण

निळी_खोली यांच्या लिखाणाला एक पुस्ती जोडते. किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि त्याचे एकूण क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटाचा चुरा टाकण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. फोटो छान येतो हे खरे, पण माशांचे खाणे बिघडते आणि प्रवाळावर शेवाळ वाढायला निमित्त होते. आपण नको म्हणून सांगितले तर बहुतेक नावाडी ऐकतात. तसेच प्रवाळावर उभे राहू नये. जो खडक दिसतो तो जिवंत असतो, आणि पायाखाली मोडलेला तुकडा पुन्हा तेवढा वाढायला वर्षे लागतात.

पोहोचण्याबद्दल: रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर आहे, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. गाडीने कोल्हापूरमार्गे येणार असाल तर निघण्याआधी घाट चालू आहे ना ते विचारून घ्या. पावसाळ्यानंतर दुरुस्त्या चालू असतात.

राहण्यासाठी आईंच्या दृष्टीने मी मालवण गावातच सुचवेन, कारण डॉक्टर, औषधे आणि बाजार जवळ पडतो. मेढ्यातले जय गणेश मंदिर तर चालत जाण्याइतके जवळ. मुलांना वाळूत लोळायचे असेल तर तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे. डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर जलतरण स्पर्धा असते, त्या दोन दिवसांत गावात खोली मिळणे अवघड जाते. ती तारीख टाळा, किंवा मुद्दाम त्याच वेळी या. खुल्या समुद्रात पोहणारी शाळकरी मुले पाहून तुमच्या मुलांना पोहणे शिकण्याची ओढ लागेल.

दूरचा_देवबागकर

कामानिमित्त मस्कतला असतो, त्यामुळे हा धागा वाचताना गाव डोळ्यांपुढे आले. एकच गोष्ट सांगण्यासाठी लिहितो. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, यांच्यामधली वाळूची निमुळती पट्टी. आमच्या घराच्या मागच्या दारातून खाडी दिसते आणि पुढच्या दारातून लाटांचा आवाज येतो. टोकाला संगम आहे. तिथे ओहोटी सुरू झाली की खाडीचे सगळे पाणी समुद्राकडे धाव घेते, आणि वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. संगमावर फोटो काढा, सूर्यास्त पाहा, पण पाण्यात उतरू नका. मुलांचा हात सोडू नका.

सह्यवेडा

पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड यांविषयी कोणी काहीच लिहिले नाही. मुले मोठी आहेत, त्यांना हेही आवडेल. त्सुनामी बेटावर, म्हणजे देवबागच्या त्या वाळूच्या बेटावर, हे सगळे एकाच ठिकाणी मिळते.

मेढ्यातला_मालवणी

मिळते, आणि मुलांना आवडतेही. माझा आक्षेप खेळांना नाही, त्यांनाच संपूर्ण दिवस देण्याला आहे. जेट स्की कुठल्याही किनाऱ्यावर मिळते. रापण मात्र सगळीकडे पाहायला मिळत नाही, आणि दिवसेंदिवस ती कमी होत चालली आहे. पर्ससीन नौकांनी, म्हणजे थव्याला वेढणारे मोठे जाळे टाकणाऱ्या यांत्रिक नौकांनी, मासळीचे थवेच्या थवे खोल पाण्यात उचलल्यावर किनाऱ्यापर्यंत काय येणार? २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, तरी रापणकारांची तक्रार अजून मिटलेली नाही. म्हणून सांगतो, चिवला किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी दोर ओढणारी माणसे दिसली तर बाकीचा बेत बाजूला ठेवून थांबा.

भटकी_पुणेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. पंचांग काढून बसलो आणि शुद्ध नवमीला पोहोचू अशा बेताने सुट्ट्या टाकल्या आहेत. आणखी एक प्रश्न. द्वादशीला दुपारी तीनला ओहोटी, म्हणजे सकाळी पाण्यातले उपक्रम आणि दुपारी वाळूचे बेट, असे जमते. पण एकादशीची दुपार आईसाठी राखायची आहे. तिला फार न चालता काय पाहता येईल?

कुडाळकरीण

धामापूर. मालवणहून फार लांब नाही. १५३० मध्ये बांधलेला तलाव, काठावर भगवतीचे मंदिर आणि भोवती दाट झाडी. सिंचनाच्या ऐतिहासिक वारशाच्या जागतिक यादीत २०२० मध्ये या तलावाचा समावेश झाला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातून तिथे पोहोचले की गारवा अंगाला जाणवतो. मंदिराच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात, तिथे त्यांना बसवून द्या, त्या स्वतःहून उठणार नाहीत.

भटकी_पुणेकरीण

आम्ही परत आलो. ज्यांनी एवढे लिहिले त्यांना काय झाले ते कळायला हवे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दशमीला सकाळी सातला आम्ही बोटीत होतो. मुलगा स्कूबासाठी खाली गेला, आणि धाकटी जॅकेट घालून एका ताईंचा हात धरून स्नॉर्केलिंगला उतरली. पहिली दोन मिनिटे ती नळीतून श्वास घ्यायला घाबरली. मग एकदम शांत झाली आणि नंतर बाहेर यायलाच तयार नव्हती. पाणी इतके नितळ होते की बोटीत बसलेल्या मला खालच्या खडकावर तिची सावली दिसत होती. मुलाचे कान एकदा दुखले, पण त्याने खूण केली आणि प्रशिक्षकाने त्याला थोडे वर आणून पुन्हा नेले. निळी_खोली यांनी लिहिलेले त्याने दोनदा वाचले होते. आमच्या बोटवाल्याने पाव काढला, तेव्हा आम्ही नको म्हणालो आणि त्याने तो निमूटपणे परत ठेवला.

एकादशीला किल्ला. आईचा उपास होता. भरती असल्यामुळे बोट धक्क्याला अगदी लागून उभी होती, दोघांनी हात दिल्यावर ती सहज चढली. बोटीतून दरवाजा शोधण्याचा खेळ झाला आणि तो आधी आईलाच सापडला. मंदिरात ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "लहान वाटतात गं, आपल्या घरातल्या मुलासारखे." मग दूधबावीच्या काठाशी बसून तिने शहाळे घेतले आणि आम्ही तटावर फिरून आलो. तीन तास कसे गेले ते कळले नाही. दुपारी धामापूर, आणि कुडाळकरीण ताई, आपण म्हणालात तसेच झाले.

द्वादशीला सकाळी पोहायला म्हणून चिवल्यावर गेलो आणि रापण लागलेली दिसली. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसे दोर कमरेला टेकवून, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकत होती. कोणी आरडाओरडा करत नव्हते, फक्त एक वयस्कर गृहस्थ अधूनमधून हाताने खूण करत. माझ्या मुलाने विचारले तेव्हा त्यांनी त्याला रांगेत शेवटी उभे केले आणि दोर ओलांडायचा नाही एवढेच बजावले. पाऊण तासाने जाळ्याचा खोळ उथळ पाण्यात आला, तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसू लागले आणि डोक्यावर घारी फिरू लागल्या. तारली बरीच होती, थोडे बांगडे होते आणि हाताएवढी एक मोरी (लहान शार्क) होती. वाटे घातले गेले. त्या गृहस्थांनी चार बांगडे मुलाच्या हातात ठेवले, आणि पैसे विचारले तर मान हलवली. त्याच्या तळहातांना दोराने फोड आले होते, ते त्याने पुण्यात आल्यावर मित्रांना दाखवले.

ते बांगडे आमच्या घरमालकीणबाईंनी तिरफळे घालून केले. द्वादशीचे पारणे सोडून आईने पहिला घास घेतला आणि त्यांना कृती विचारली. तिरफळे ठेचून, बी काढून, अगदी शेवटी घालायची आणि झाकण ठेवायचे, असे त्यांनी सांगितले. दुपारी तीनला वाळूचे बेट कोरडे होते. मुलांनी एक बनाना राइड केली, उरलेला वेळ वाळूत खेकड्यांची बिळे मोजली.

पद्मगडावर मात्र जाता आले नाही. त्रयोदशीला दुपारी पावणेचारला ओहोटी होती आणि आमची गाडी कुडाळहून त्याच सुमारास होती.

मेढ्यातला_मालवणी

ताई, वाचून फार बरे वाटले. पद्मगडासाठी परतीची गाडी रात्रीची घ्या, किंवा अष्टमी-नवमीला या, तेव्हा ओहोटी दुपारी बारा-पाऊणच्या सुमारास लागते. भांगाच्या दिवसांत पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे आधी दांडीवर विचारून घ्यावे लागेल. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत मात्र समुद्रातली ये-जा बंद असते, तेव्हा त्या काळातला बेत करू नका.

भटकी_पुणेकरीण

फेब्रुवारीतली अष्टमी पंचांगात पाहून ठेवली आहे. आईनेच आठवण केली.